गार झालेला चुना

गुरम्माबद्दल लिहायचं तर आधी तिच्या हातांबद्दल लिहायला हवं. कोपरापर्यंत पांढरट, भेगाळलेले आणि करडईच्या तेलानं सदा चमकणारे ते हात उदगिरातला कुठलाही गवंडी लांबून ओळखायचा. चुना विझवणाऱ्या बाईचे हात असेच असतात. तेल चोपडल्याशिवाय खड्ड्याजवळ गेलं तर कातडी सोलून निघते.

तिचा नवरा चुन्याची भट्टी लावायचा. तो पटकीच्या साथीत गेला. भट्टी दुसऱ्याच्या हातात गेली, पण चुना विझवायचं काम गुरम्मानं सोडलं नाही. घरात कानडी, बाजारात मराठी आणि बांधकामाच्या गुत्तेदारांशी उर्दू बोलायची, आणि तिन्ही भाषांत सारखीच कडक शिव्या द्यायची. बांधकाम कोणाचंही असो, "गुरम्मानं विझवलेला चुना हाय" म्हटलं की मालक निर्धास्त व्हायचा.

हे काम काय असतं ते सांगतो. चुनखडी भट्टीत भाजली की पांढरे हलके दगड उरतात, तो कळीचा चुना. तो तसाच भिंतीला चालत नाही. खड्ड्यात टाकून त्यावर पाणी सोडावं लागतं. पाणी पडलं की दगड फुगतात, तडकतात, वाफा सोडतात, सगळा खड्डा रटरट शिजायला लागतो. विस्तव कुठंच नाही. मग हळूहळू सगळं शांत होतं आणि खाली लोण्यासारखा मऊ चुना उरतो. याला चुना विझवणं म्हणतात. ज्यात जाळ नाही ते विझवायचं कसलं, असं मला तेव्हा वाटायचं आणि हसू यायचं. त्या शब्दात काय दडलंय हे कळायला एका बाईचा डोळा जावा लागला.

मी दत्तोपंत. मूळचा नांदेडचा. फसली सन तेराशे सत्तेचाळीसच्या सुमारास, म्हणजे इंग्रजी सदतीस-अडतीस साली, उदगीरच्या एका शाळेत सायन्सचा मास्तर म्हणून आलो. राज्य निजामाचं, म्हणून शिकवणं उर्दूत. पोरं मात्र मराठी आणि कानडी घरांतली. पुस्तकात उष्णतेला शब्द होता 'हरारत' आणि तापमानाला 'दर्जा-ए-हरारत'. गावात हरारत म्हणजे अंगात आलेली कणकण. पहिल्या दिवशी मी फळ्यावर 'हरारत' लिहिलं तर मागून आवाज आला, "मास्तर, मग घरी जाऊन पडा की." वर्ग हसला. मला राग आला. मला राग फार लवकर यायचा, अजून येतो.

त्या दिवसापासून मी हरारत आणि दर्जा-ए-हरारत यांतला फरक साऱ्या गावाला शिकवायचा विडाच उचलला. घागरभर कोमट पाणी आणि चमचाभर उकळतं पाणी घ्या, दर्जा चमच्याचा जास्त, पण हरारत घागरीत जास्त. हे मी वर्गात सांगे, पानाच्या ठेल्यावर सांगे, स्टेशनवर गाडीची वाट बघणाऱ्या आडत्यांना धरून सांगे. शाळेचा एक थर्मामीटर होता, पितळी नळीत ठेवलेला. तो मी कोटाच्या वरच्या खिशात घालून हिंडायचो. लोक मला काडीवाले मास्तर म्हणायला लागले. माझी बायको सौदामिनी म्हणायची, "दुधात काडी बुडवून काय बघता? माझ्या बोटाला कळतं तेवढं." मी तिला अडाणी म्हणायचो.

गुरम्माची ओळख झाली ती कळीच्या चुन्यापायी. विस्तवाशिवाय पाणी तापतं हे पोरांना दाखवायला मला दोन-चार दगड हवे होते. तिनं पदरात बांधून आणून दिले, वर्गाच्या दारात उभी राहून सगळं बघितलं. परातीतल्या दगडांवर मी पाणी ओतलं, वाफ उसळली, पोरं ओरडली. बाहेर आल्यावर मी तिला सहज विचारलं, "गुरम्मा, ही आग कुठून आली गं?"

ती म्हणाली, "कुठून म्हंजी? भट्टीतून. दोन दिस भट्टी लाकडं खाती. ती आग दगडात जाऊन बसती. पानी पडलं की दगड ती परत देतो. जेवढी घेतली तेवढी देनारच. आज न्हाई दिली तर उद्या देईल, पन ठेवून घेत न्हाई."

मी चाट पडलो. पुस्तकात चार पानांवर पसरलेला 'बका-ए-तवानाई'चा नियम, की शक्ती नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते, तो या बाईनं कमरेवर हात ठेवून सांगितला होता. दुसऱ्या दिवशी मी वर्गात तेच वाक्य सांगितलं. माझं म्हणून सांगितलं. माझी पहिली चोरी ती, आणि तेव्हा मला तिची लाजही वाटली नाही.

फसली तेराशे पन्नासला शाळेला दोन नव्या खोल्या बांधायला घेतल्या. मिस्त्री होता ईश्वरप्पा, आणि चुना अर्थातच गुरम्माचा. अंगणात खड्डा खणला, कळी टाकली, पाणी सोडलं. शाळांची तपासणी करणारे मोहतमीम साहेब पंधरवड्यात येणार होते. त्याआधी निदान एक खोली गिलावा करून उभी दिसावी, असा आमच्या सदर मुदर्रिसांचा, म्हणजे हेडमास्तरांचा, आग्रह होता. ते रोज ईश्वरप्पाला टोकायचे, ईश्वरप्पा गुरम्माला टोकायचा, आणि गुरम्मा काही ऐकायची नाही.

तिची एक रीत होती. एक पोकळ बांबू ती खड्ड्याच्या तळापर्यंत खुपसायची आणि वरच्या टोकाला कान लावून उकिडवी बसायची. मग बांबूला चिकटून आलेला चुना अंगठा आणि बोटात घेऊन चोळायची. तिसऱ्या दिवशी असंच कान लावून ती म्हणाली, "न्हाई. ह्या खेपंला भट्टी जास्त लागली. करपलेले दगड हायत. ते पानी उशिरा पितात. अजून आठ दिस."

हेडमास्तर माझ्याकडे वळले. "दत्तोपंत, तुमच्या काडीला विचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि माझी छाती फुगली. मी थर्मामीटर सुतळीला बांधून खड्ड्यात सोडला, बराच वेळ ठेवला, वाकून तिथल्या तिथं वाचला. मग आडातल्या पाण्यात सोडून वाचला. दोन्हीकडे पारा जवळजवळ एकाच रेघेवर. मी म्हणालो, "झालं. विझला. चुना आणि आडाचं पाणी सारखंच आहे."

गुरम्मानं मला विचारलं, "गार झाला का विझला?"

"एकच की गं ते!"

"एक कसं आसंल, मास्तर?" तिनं अगदी साधेपणानं विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. शिकलेला माणूस सांगतोय म्हणजे आपल्याला ठाऊक नसलेलं काही असेल, असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

तीन वर्षं साऱ्या गावाला जो फरक शिकवला तो फरक ती बाई मला विचारत होती. दर्जा वेगळा, हरारत वेगळी. काडी सांगते ती आत्ताची ऊब. दगडाच्या पोटात अजून किती बाकी आहे ते काडीला काय कळणार? हे मी शंभर वेळा फळ्यावर लिहिलं होतं. पण समोर हेडमास्तर उभे होते, ईश्वरप्पा उभा होता, आणि मला राग आला. मी म्हणालो, "गुरम्मा, ही काडी हैदराबादहून आली आहे. तुझा बांबू कुठून आला? उतर आणि काढायला लाग."

तिनं बांबू बाजूला ठेवला. हाताला तेल लावलं, पायाला लावलं, फावडं घेतलं आणि उतरली.

सहा-सात फावडी नीट निघाली. मी काठावर ओणवा होऊन बघत होतो, थर्मामीटर पुन्हा खड्ड्यात सोडून ठेवला होता. पुढच्या फावड्याला काहीतरी टणक लागलं. तिनं जोर दिला. आतून करपलेला, नारळाएवढा दगड मधोमध फुटला, त्याच्या कोरड्या पोटात पाणी शिरलं आणि 'फस्स' करून उकळता चुना वर उडाला.

आता जे सांगायचं ते मी कोणालाच सांगितलेलं नाही, सौदामिनीलासुद्धा नाही. गुरम्मा किंचाळली तेव्हा मी सुतळी ओढली. आधी थर्मामीटर वर घेतला, फुटला तर नाही ना ते बघितलं, आणि मग तिच्याकडे धावलो. किती वेळ गेला असेल? चार श्वासांचा. पण चुन्याला डोळ्यात चार श्वास म्हणजे फार झाले. तोवर ईश्वरप्पानं तिला बाहेर ओढली होती आणि तो तिच्या तोंडावर घागर ओतत होता.

तिला गाडीनं नांदेडला नेलं. मी गेलो नाही. नांदेड माझं गाव, तिथले डॉक्टर माझ्या ओळखीचे, तरी गेलो नाही. वर्ग आहेत असं कारण सांगितलं. महिन्यानं ती परत आली तेव्हा डावा डोळा पार गेला होता आणि उजव्यानं तिला फक्त उजेड आणि सावली कळत होती.

त्याआधीच मोहतमीम साहेब येऊन गेले होते. त्यांच्या कानावर अपघात गेला होता. त्यांनी विचारलं तेव्हा हेडमास्तर उर्दूत म्हणाले, की मजूर बाईचा निष्काळजीपणा, साहेब. आमच्या सायन्स मास्तरांनी तिला थांब म्हणून सांगितलं होतं, तिनं ऐकलं नाही. आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं.

मी म्हणालो, "जी हाँ."

एवढंच. दोन शब्द. इतकी वर्षं उर्दूत शिकवलं, पण त्या भाषेत मी इतकं मोठं खोटं दुसरं बोललो नाही.

खोटं बोलून गप्प बसलो असतो तरी निदान ते तिथंच राहिलं असतं. मी गप्प बसलो नाही. पुढच्या वर्षी तो धडा आला तेव्हा पोरांनी विचारलं, "मास्तर, तुमी गुरम्माला थांब म्हनला होता ना?" आणि मी खडू हातात घेऊन ती गोष्ट रंगवून सांगितली. काडीनं काय सांगितलं, मी काय बजावलं, बाईनं कसं ऐकलं नाही. पोरांनी ती घरोघर नेली. थोड्याच दिवसांत गवंडी म्हणायला लागले, गुरम्माचा अंदाज गेला, मास्तरनं सांगूनसुद्धा खड्ड्यात उतरली, अशा बाईला कोण कामावर घेणार? तिचा डोळा गेला होता, हात आणि कान गेले नव्हते. बांबूला कान लावायला डोळे कशाला लागतात? पण कोणी बोलावलंच नाही. डोळा माझ्या अडाणीपणानं गेला होता. काम मात्र माझ्या जिभेनं गेलं.

ती बाजारात शेंगा निवडायला बसायला लागली. आडतीसमोर ढीग असायचा, ती हातानं चाचपून त्यातल्या पोचट शेंगा बाजूला करायची. मी तिकडून जाणं सोडलं. शाळेत जायला लांबचा रस्ता धरला. सौदामिनी तिला सणासुदीला पुरणपोळी पाठवायची आणि मला म्हणायची, "तुम्ही का जात नाही एकदा?" मी तिच्यावर खेकसायचो. रात्री अंथरुणावर पडलो की माझ्या कानात "गार झाला का विझला?" हा प्रश्न यायचा. थर्मामीटर मी शाळेच्या कपाटात ठेवून दिला होता. पोरांना वाटलं मास्तर म्हातारे झाले. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो.

दोन वर्षं अशी गेली. मग बाजारातल्या आडत्यांनी माहूरला जाणाऱ्या देवीच्या भक्तांसाठी धर्मशाळा बांधायला काढली. ईश्वरप्पाच मिस्त्री. चुना विझवायला कोणीतरी भुजंग नावाचा नवा गडी आणला होता. ईश्वरप्पा मला रस्त्यात भेटला आणि म्हणाला, "मास्तर, उद्या काडी घेऊन येता का? चुना झाला का न्हाई ते सांगा. तुमचा शब्द पक्का."

त्याच संध्याकाळी मी गुरम्माच्या घरी गेलो. ती उंबऱ्यात बसून वाती वळत होती. माझ्या चपलांचा आवाज ऐकून म्हणाली, "काडीवाले मास्तर का? या."

मी उभ्याउभ्याच बोलून टाकलं. आजवर तिला मी 'अगं-तुगं' करत आलो होतो, त्या दिवशी तोंडातून ते निघेना. म्हणालो, "गुरम्मा, त्या दिवशी मी तुम्हाला थांबा म्हणालो नव्हतो. उतरा म्हणालो होतो. साहेबांसमोर मी खोटं बोललो. वर्गातही खोटंच सांगितलं. तुमचं काम माझ्यामुळं गेलं."

तिचे हात वातीवर थांबले नाहीत. "मला काय सांगता? मी तिथंच हुते की."

मी खाली बसलो. विचारलं, "मग दोन वर्षं बोलला का नाहीत?"

"कुनी इचारलं?" ती म्हणाली. पुढची वात घेत पुन्हा म्हणाली, "आन् खरं सांगू? बांबूनं मला न्हाई म्हनून सांगितलं हुतं. माझा कान मला सांगून राहिला हुता. मी कानाचं सोडून तुमच्या काचेचं ऐकलं. तुमी उतर म्हनला ती चूक तुमची. मी उतरले ती माझी. तुमची तुमी बगा."

ती मला माफ करेल असं कुठंतरी मला वाटलं होतं, हे मी कबूल करतो. किंवा चार शिव्या तरी देईल. तिनं दोन्ही केलं नाही. मी म्हणालो, "उद्या माझ्याबरोबर धर्मशाळेवर या. सगळ्यांसमोर सांगतो." ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हाताला तेल लावून तयार बसली होती.

खड्ड्यावर ईश्वरप्पा, भुजंग, आठ-दहा गवंडी आणि दोन आडते होते. थर्मामीटर मी आणलाच नव्हता. मी घसा खाकरला आणि सांगितलं. आडपडदा न ठेवता सांगितलं, की दोन वर्षांपूर्वी गुरम्मा आठ दिवस थांबा म्हणत होत्या, मी उतरा म्हणालो, डोळा माझ्यामुळं गेला, आणि आजवर जे सांगत आलो ते खोटं होतं.

ऐकून ईश्वरप्पानं हात जोडले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मास्तर, तुमचं मन लई मोठं हाय. एका गरीब बाईला काम मिळावं म्हनून सारं सोतावर घेता?"

"अरे, खरं आहे ते!" मी ओरडलो. "तू तिथं होतास! ऐकलं होतंस तू!"

"होतो की. तुमी थांब म्हनला हुता." तो शांतपणे म्हणाला, आणि मला दिसलं की तो खोटं बोलत नव्हता. दोन वर्षं पोरांच्या तोंडून ऐकून ऐकून त्याला तसंच आठवत होतं. मी जितका चिडलो तितकं माझं मोठेपण वाढत गेलं. एक आडत्या दुसऱ्याला म्हणाला, "असे मास्तर पायजेत." मी गुरम्माकडे वळलो. ती म्हणाली, "मास्तर खरं बोलून राहिले." त्यावर भुजंग हसला आणि म्हणाला, "तू दुसरं काय म्हनशील, बाई?"

शेवटी मी म्हणालो, "बरं, मला मोठा माणूस समजता ना? मग माझं ऐका. या खड्ड्याला गुरम्माचा कान लावू द्या, आणि त्या सांगतील तसं करा." त्याला कोणी नाही म्हणालं नाही.

ती काठी टेकत काठावर गेली. भुजंगनं बांबू खुपसून दिला. ती उकिडवी बसून कान लावून ऐकत राहिली, चिमूट चोळली. "कोपऱ्यात दोन-तीन दगड हायत. पाच दिस कुनी उतरू नका." तिसऱ्या दिवशी दुपारी भुजंगनं वरूनच लांब बांबूनं तो कोपरा ढोसला, तेव्हा आत धप्प आवाज झाला आणि चुना पुरुषभर वर उडाला. खड्ड्यात कोणी नव्हतं.

त्यानंतर गुरम्माला काम मिळायला लागलं. पुढं सहा-सात वर्षं, राज्य बदललं तोवर, उदगिरातला बहुतेक चुना तिच्या कानाखालून गेला. पण गवंडी एकमेकांना सांगायचे ते मी स्वतः ऐकलंय: "डोळा गेला तवा बाई शहानी झाली. मास्तरनं शिकवलं तिला." मी भांडायचो, लोक हसायचे आणि मला चहा पाजायचे.

त्या दिवशी धर्मशाळेवरून मी तिला घरी पोचवत होतो. सगळं बोलून टाकल्यानं मला हलकं वाटत होतं. मी म्हणालोसुद्धा, "गुरम्मा, आज जिवाला बरं वाटलं. दोन वर्षांनी शांत वाटलं."

ती थांबली. चाचपडत माझं मनगट शोधून तिनं हातात धरलं आणि खड्ड्याला कान लावताना थांबायची तशी थोडा वेळ थांबली. तिचा हात खरखरीत होता आणि त्याला करडईच्या तेलाचा वास येत होता.

"गार झालात, मास्तर," ती म्हणाली. "विझला न्हाईत अजून."